त्याला चुकायची मुभा नव्हती

१९६७ च्या डिसेंबरात अमेरिकेत 'गेस हूज कमिंग टू डिनर' हा चित्रपट लागला. सुरुवातीलाच सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरून एक जोडपं टॅक्सीत बसतं. मुलगी गोरी, पुरुष काळा. लग्न करायचं ठरवून दोघं तिच्या आईवडिलांच्या घरी निघाली आहेत. मागच्या सीटवर ती एकमेकांचं चुंबन घेतात आणि ते आपल्याला दिसतं टॅक्सीवाल्याच्या आरशात. वीतभर आरसा, तोही दुसऱ्याच्या मालकीचा. आत बसलेल्या दोघांच्या प्रेमाला कॅमेऱ्यानं दिलेली जागा जवळपास एवढीच.

मागच्या सीटवरचा नट म्हणजे सिडनी प्वाटिए. त्याच्या वाट्याला आलेला डॉक्टर प्रेंटिस कसा आहे बघा. नामांकित विद्यापीठातून शिकलेला, जागतिक आरोग्य संघटनेत मोठ्या पदावर काम केलेला, शांत, अदबशीर, बायको आणि मुलगा अपघातात गमावलेला. लग्नाआधी तो मुलीशी शरीरसंबंध ठेवत नाही, तिची तयारी असूनही. तुमची दोघांची मनापासून संमती नसेल तर लग्न करणार नाही, असंही तो तिच्या आईवडिलांना सांगून टाकतो. दिग्दर्शक स्टॅन्ले क्रेमर यांनी हे जाणूनबुजून केलं होतं. माणसात दुसरं काही खोट काढण्यासारखं उरलंच नाही, तर नकाराचं एकच कारण राहतं, ते म्हणजे कातडीचा रंग. युक्तिवाद म्हणून हे चोख आहे. पण ज्या नटाला हा युक्तिवाद अंगावर चढवून उभं राहायचं होतं, त्याच्या हाती काय लागलं? एक इस्त्रीचा सूट आणि एक निर्दोष चेहरा.

काळ्या नटाला पडद्यावर जागा मिळाली का, एवढंच आपण विचारतो, आणि तो अर्धाच प्रश्न आहे असं माझं म्हणणं आहे. त्याला भित्रा, हावरा, मोहात पडणारा, घरच्यांचा घात करून बसणारा माणूस होता येतं का, हा उरलेला अर्धा. अभिनय म्हणजे शेवटी माणसाच्या फटी दाखवणं. ज्याला फटच दाखवायची परवानगी नाही, त्याची निम्मी कला पेटीत बंद राहते. आणि ही परवानगी नटाच्या कुवतीवर मिळत नाही, लेखणी आणि दिग्दर्शकाची खुर्ची कुणाकडे आहे त्यावर मिळते. प्वाटिएच्या आयुष्यात हे इतकं स्वच्छ दिसतं की त्याच्याकडे परत परत जावंसं वाटतं.

त्याचे आईवडील बहामातल्या कॅट आयलंडवर टोमॅटो पिकवायचे. माल विकायला ते मायामीत आले असताना, २० फेब्रुवारी १९२७ रोजी, दिवस भरायच्या आत हा मुलगा जन्मला आणि त्या योगायोगानं अमेरिकेचा नागरिक झाला. वाढला मात्र बेटावर. वीज नाही, नळ नाही, मोटार नाही. शाळा जेमतेम दीड-दोन वर्षांची. पण एक गोष्ट त्या बेटावर होती जी अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीत वाढणाऱ्या काळ्या मुलाला नव्हती. आजूबाजूची जवळजवळ सगळी माणसं काळी होती. त्यामुळे आपण 'काळे' आहोत हे मनाशी धरून बसायची त्याला गरजच पडली नाही. माणूस म्हणजे बाप, माणूस म्हणजे आई. रंग हा माणसाच्या वर्णनातला शब्दच नव्हता. पुढे आयुष्यभर तो हेच सांगत राहिला, की मी जो काही आहे तो बेटावर घडलो, अमेरिकेनं मला नंतर गाठलं.

गाठलं ते पंधराव्या वर्षी. मायामीत मोठ्या भावाकडे राहायला गेला तेव्हा त्यानं औषधाच्या दुकानात सामान पोचवायचं काम धरलं. एका गोऱ्या बाईच्या घरी पुढच्या दारात उभा राहिला. तिनं मागच्या दारानं यायला सांगितलं. त्याला कळेचना. सामान इथंच आहे, तुम्ही इथंच उभ्या आहात, मग मागं कशाला? तो पुडकं दारात ठेवून निघून आला. दोनएक दिवसांत कू क्लक्स क्लॅनची, म्हणजे काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेची माणसं त्याला शोधत भावाच्या घरी आली. या मुलात बंडखोरी नव्हती, त्याला फक्त नियम माहीत नव्हता. आणि ज्याला नियम लहानपणी शिकवलेला नसतो त्याच्या पाठीच्या कण्याला एक वेगळाच ताठपणा असतो. पुढे पडद्यावर लोकांना जी 'प्रतिष्ठा' दिसली ती हीच.

तिथून तो न्यूयॉर्कला गेला. हॉटेलात भांडी घासली. वर्तमानपत्रात नोकरीच्या जाहिराती बघताना अमेरिकन निग्रो थिएटरला नट हवेत असं वाचून हार्लेममध्ये, न्यूयॉर्कच्या काळ्यांच्या वस्तीत, निवड चाचणीला जाऊन उभा राहिला. त्याला धड वाचता येत नव्हतं आणि बोलणं अस्सल बेटावरचं. चाचणी घेणाऱ्यानं संहिता हातातून काढून घेतली, त्याला दाराकडे नेलं आणि सांगितलं, लोकांचा वेळ घालवू नकोस, भांडी घासायचं काम बघ. प्वाटिए रस्त्यानं जाताना विचार करत राहिला, आपण भांडी घासतो हे याला कळलं कसं? आपल्याकडे पाहून कुणालाही हेच सुचत असेल तर ते बदलायला हवं.

मग त्यानं रेडिओ घेतला. निवेदक जे बोलेल ते तसंच्या तसं म्हणायचं, महिनोन्‌महिने. तो ज्या हॉटेलात कामाला होता तिथल्या एका वयस्क ज्यू वेटरनं त्याला वाचायला शिकवलं. रात्री काम संपल्यावर दोघं वर्तमानपत्र घेऊन बसत. शब्द अडला की म्हातारा सांगे, उच्चार कसा, अर्थ काय, स्वल्पविराम कशासाठी. सहा महिन्यांनी प्वाटिए पुन्हा त्याच थिएटरात गेला, आणि तिथं टिकून राहण्यासाठी झाडलोट करायचंही त्यानं कबूल केलं.

हा प्रसंग प्रेरणादायी म्हणून सांगितला जातो. मला मात्र तो वाचताना घशाशी येतं, आणि त्याचं कारण माझ्याच वहीत आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी कॉलेजात आम्ही एकांकिका बसवत होतो. दिग्दर्शन माझं. वाचनाच्या दिवशी जत तालुक्यातला एक मुलगा आला. 'पाणी'चं 'पानी', 'होतं'चं 'व्हतं'. मी त्याला दुसरं पान उलटू दिलं नाही. गड्याची भूमिका दिली, दोन वाक्यांची. स्पर्धेत परीक्षकांनी त्याचं कौतुक केलं, किती सहज करतो म्हणाले, आणि मी ते आपलंच यश मानलं. परतताना एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाला, "मुख्य भूमिकेचं पाठ करून आलो होतो रे. एकदा वाचू तरी द्यायचंस." त्याच्यावर मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा दिलंच नाही.

म्हणून प्वाटिएच्या रेडिओकडे मी जिद्दीची गोष्ट म्हणून नुसतं बघू शकत नाही. दारातून आत यायची ती किंमत होती. आणि यातला क्रूर भाग पुढे आहे. जी जीभ घासूनपुसून साफ केल्यावरच त्याला आत घेतलं, त्याच साफ जिभेवरून वीस वर्षांनी लोक त्याला गोऱ्यांचा लाडका म्हणू लागले.

त्याआधी त्याच्या एका नकाराबद्दल लिहिलंच पाहिजे. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर त्याला एक भूमिका देऊ केली गेली, आठवड्याला ७५० डॉलर. एका झाडलोट करणाऱ्या काळ्या माणसाची. त्याला गुंडांबद्दल काही ठाऊक असतं, ते त्यानं बोलू नये म्हणून गुंड त्याच्या लहान मुलीला मारतात आणि प्रेत अंगणात टाकून जातात. बाप गप्प राहतो. पटकथेत पुढे त्याच्यासाठी काहीच नव्हतं. प्वाटिएची बायको तेव्हा बाळंतपणाच्या उंबरठ्यावर होती आणि हातात पैसा नव्हता. त्यानं भूमिका नाकारली आणि घरातलं फर्निचर तारण ठेवून ७५ डॉलर कर्ज काढलं. माझा बाप असा वागला नसता, एवढंच त्याचं कारण. ती भूमिका घेऊन आलेला एजंट मार्टिन बॉम चक्रावला, आणि इतका वेडा माणूस आपल्याकडेच हवा म्हणून त्याचा कायमचा एजंट झाला.

नीट पाहिलं तर त्यानं भित्र्या माणसाची भूमिका नाकारली नव्हती. भीती दाखवायची आणि त्या भीतीचं आतलं काहीच दाखवायचं नाही, ही सोय त्यानं नाकारली. बाप गप्प का राहिला, रात्री तो कसा झोपला, बायकोच्या डोळ्याला डोळा कसा भिडवला, यातलं काहीही लिहिणाऱ्याला नको होतं. नटाला हे कागद वाचताक्षणी कळतं. भूमिका आहे की नुसती वस्तू आहे, हे शोधायचं तेच कौशल्य. बेटावरचं संगोपन आणि नटाची समज इथं वेगळी काढता येत नाहीत.

पण अशा माणसाला हॉलिवूडनं पुढच्या दहा वर्षांत ज्या कोपऱ्यात नेऊन बसवलं तो कोपरा सुंदर होता म्हणून कुणाला तो कोपरा वाटला नाही. १९५८ च्या 'द डिफायंट वन्स'मध्ये बेडीनं एकत्र जखडलेले दोन कैदी पळतात, एक काळा, एक गोरा. शेवटी काळा चालत्या मालगाडीत चढतो, गोऱ्याला चढता येत नाही, तेव्हा हा सुटका सोडून त्याच्यासाठी खाली उडी घेतो. काळे लेखक जेम्स बाल्डविन यांनी लिहून ठेवलंय, की शहराच्या गोऱ्या भागात या उडीवर प्रेक्षक सुखावले आणि हार्लेमच्या थिएटरात लोक ओरडले, अरे मूर्खा, गाडीत चढ परत! मला हा समीक्षेचा सर्वोत्तम नमुना वाटतो. हार्लेमच्या प्रेक्षकाला नटाचं काम आवडलं नव्हतं असं नाही. पात्र जे करतंय ते त्या जागी असलेला माणूस करणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, कारण तो स्वतः त्या जागी होता.

१९६४ च्या एप्रिलमध्ये प्वाटिएला 'लिलीज ऑफ द फील्ड'साठी ऑस्कर मिळालं. प्रमुख भूमिकेसाठी ते मिळालेला पहिला काळा पुरुष. भूमिका कुठली, तर ख्रिस्ती नन्सना फुकटात प्रार्थनाघर बांधून देणाऱ्या भल्या कामगाराची. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो आणि गायक हॅरी बेलाफॉन्टे ७० हजार डॉलर रोख घेऊन मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला गेले. मतदार नोंदणीचं काम करणाऱ्या तरुणांना ते पोचवायचे होते. रात्री क्लॅनच्या ट्रकांनी त्यांच्या गाडीचा पाठलाग केला, मागून धडका दिल्या. एप्रिलमध्ये टाळ्या आणि ऑगस्टमध्ये हे. पडद्यावर जो सोशिक, तो पडद्याबाहेर पैशाची बॅग घेऊन मरणाच्या रस्त्यानं जात होता, आणि असा माणूस त्याला करायला कुणी देत नव्हतं.

१९६७ मध्ये तर कहर झाला. 'टू सर, विथ लव्ह', 'इन द हीट ऑफ द नाइट' आणि 'गेस हूज कमिंग टू डिनर', तिन्ही एकाच वर्षात, तिन्ही जोरात चालले. त्याच जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आंतरवंशीय लग्नावर बंदी घालणारे कायदे रद्द ठरवले. तोवर १६ राज्यांत ते लागू होते. जुलैमध्ये वांशिक दंगलीत डेट्रॉइट शहर पेटलं, ४३ माणसं मेली. आणि सप्टेंबरात क्लिफर्ड मेसन या काळ्या नाटककारानं 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून थेट विचारलं, गोऱ्या अमेरिकेला सिडनी प्वाटिए इतका का आवडतो? त्यात त्याला फार कडक शब्द वापरले होते. तो लेख प्वाटिएच्या जिव्हारी लागला.

मेसनचा प्रश्न बरोबर होता, पत्ता चुकला होता. पटकथा प्वाटिएनं लिहिल्या नव्हत्या. स्टुडिओंत त्याच्या रंगाचा दुसरा माणूस शोधून सापडत नव्हता. एका वेळी एकच काळा नायक चालवून घ्यायचा असा अलिखित नियम असेल, तर त्या एकाला सगळ्या समाजाचं ओझं घेऊन उभं राहावं लागतं. तो घसरला तर दोन कोटींचा समाज घसरला असं मानणारे टपलेलेच असतात. गोऱ्या नटाला ही भीती कधी नसते. हम्फ्री बोगार्टनं हलकट माणूस रंगवला म्हणून गोरी जमात हलकट ठरत नाही.

'इन द हीट ऑफ द नाइट'मध्ये एक गोरा बागायतदार टिब्सच्या, म्हणजे प्वाटिएनं रंगवलेल्या पोलिस अधिकाऱ्याच्या, थोबाडीत मारतो आणि टिब्स त्याच क्षणी उलट थोबाडीत ठेवून देतो. ही उलटी चपराक आधीपासून पटकथेत होती की प्वाटिएनं आग्रहानं ठेवायला लावली, यावर पुढे वेगवेगळे दावे झाले. काहीही असलं तरी ती पाहताना त्याच्या खांद्याकडे लक्ष द्या. हात फिरतो आणि शरीर जागचं हलत नाही. रागाचा भपका नाही, पश्चात्तापाची सावली नाही. तो चित्रपट त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट ठरला, सहकलाकार रॉड स्टायगरला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं, आणि प्वाटिएला त्या वर्षी तीनपैकी एकाही चित्रपटासाठी नामांकन नव्हतं. सोहळा दोन दिवस पुढे ढकलला होता, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती म्हणून.

मग या नटात चुकणारा माणूस करायची ताकद नव्हती का? होती, आणि पुरावा आहे. ११ मार्च १९५९ ला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, 'अ रेझिन इन द सन' हे नाटक उघडलं. लेखिका लॉरेन हॅन्सबरी, वय २८. दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स. दोघंही काळे. तिच्या वडिलांनी शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं म्हणून त्यांचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. नाटकातलं कुटुंबही गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतं, आणि ते घर हवेतून आलेलं नव्हतं. प्वाटिए त्यात वॉल्टर ली झाला. मोटार चालवणारा, घरात सतत कुरकुरणारा, दारूचं दुकान काढून श्रीमंत व्हायची स्वप्नं बघणारा. वडिलांच्या विम्याचे पैसे आई विश्वासानं त्याच्या हातात ठेवते, बहिणीच्या डॉक्टरकीच्या शिक्षणासकट, आणि हा ते एका भामट्याला देऊन बसतो.

१९६१ साली त्याचा चित्रपट झाला, त्यातही प्वाटिएच आहे. पैसे गेल्यानंतरचा प्रसंग बघा. गोऱ्यांच्या वस्तीत येऊ नका म्हणून पैसे देणारा माणूस पुन्हा येणार आहे, आणि वॉल्टर ली घरच्यांसमोर रंगीत तालीम करून दाखवतो, त्याच्यापुढे आपण कसे वाकणार त्याची. गुडघ्यावर येतो, आवाज चिरका करतो, मालक, साहेब म्हणत हात जोडतो, आणि तसं करता करता आतून फुटतो. घरच्या बायका बघत राहतात. गोऱ्यांच्या करमणुकीसाठी काळ्या माणसाचं जे सोंग शंभर वर्षं काढलं गेलं, ते इथं एक काळा नट स्वतःच्या अंगावर ओढून घेतो आणि त्यातून एक लाजिरवाणा, तुटलेला, खरा माणूस उभा करतो. डॉक्टर प्रेंटिस करणाऱ्याच माणसानं हे केलंय, यावर विश्वास बसत नाही. नट तोच आहे, लेखणी बदलली आहे.

आपल्याला हे समजायला फार लांब जायला नको. २०१६ च्या 'सैराट'मध्ये नायक-नायिकेच्या तोंडी करमाळ्याकडची बोली आली ती हशासाठी किंवा गड्याच्या दोन वाक्यांपुरती नव्हती. प्रेम, भांडण, माज, भीती, सगळं त्याच बोलीत. लिहिणारे आणि दिग्दर्शन करणारे नागराज मंजुळे त्याच तालुक्यातले. मी तो चित्रपट पाहून घरी आलो तेव्हा मला एसटीतली ती खिडकी आठवली.

प्वाटिएनंही शेवटी खुर्ची घेतली. १९७२ पासून तो दिग्दर्शन करू लागला आणि त्यातले बरेच चित्रपट चक्क विनोदी होते. समीक्षकांना ते हलके वाटले. मला त्यात एका थकलेल्या माणसाचा सुटकेचा श्वास ऐकू येतो. काळ्या माणसांना थापा मारताना, फजिती होताना, मूर्खपणा करताना दाखवायची मोकळीक त्यानं दुसऱ्यांना मिळवून दिली.

प्रमुख भूमिकेचं पुढचं ऑस्कर काळ्या नटाला मिळायला ३८ वर्षं गेली. २००२ च्या त्या रात्री प्वाटिएला सन्मान म्हणून ऑस्कर दिलं गेलं आणि डेन्झेल वॉशिंग्टननं आपलं ऑस्कर त्याच्या दिशेनं उंचावलं. डेन्झेलची भूमिका होती एका भ्रष्ट, खुनशी पोलिसाची. काळ्यांचा लढाऊ नेता माल्कम एक्स रंगवला तेव्हा दिलं नाही आणि गुंड रंगवला तेव्हा दिलं, अशी तक्रार तेव्हा झाली, आणि तिच्यात तथ्य आहे. वाईट काळा माणूस हाही हॉलिवूडचा जुनाच आवडता. साधूही चालतो, सैतानही चालतो. मधला माणूस चालत नाही.

त्या मधल्या माणसासाठी काळे नाटककार ऑगस्ट विल्सन अडून बसले होते. त्यांचं 'फेन्सेस' १९८७ मध्ये ब्रॉडवेवर आलं तेव्हा दिग्दर्शक तेच लॉइड रिचर्ड्स होते. स्टुडिओनं हक्क घेतले, पण दिग्दर्शक काळाच हवा ही अट विल्सन यांनी सोडली नाही. जे घर, जी जीभ, जे दुःख मी लिहिलंय त्यातून आलेला माणूसच ते बघू शकेल, असा त्यांचा आग्रह होता. हा हट्टीपणा आहे असं अनेकांना वाटलं. चित्रपट रखडला, २००५ मध्ये विल्सन गेले, आणि शेवटी २०१६ मध्ये डेन्झेलनं तो दिग्दर्शित केला. त्यात तो स्वतः ट्रॉय झाला, कचरा उचलणारा, कडवट, मुलाच्या स्वप्नांवर पाय देणारा, बायकोशी प्रतारणा करणारा. आणि बायको रोझ झाली व्हायोला डेव्हिस.

परसात ट्रॉय तिला सांगतो, की दुसऱ्या बाईपासून आपल्याला मूल होणार आहे. मी अठरा वर्षं एकाच जागी साचून राहिलो, असंही तो म्हणतो. तेव्हा ती बोलायला लागते, की मीही तुझ्याबरोबर त्याच जागी उभी होते, मलाही मन होतं, हव्या-नकोशा गोष्टी होत्या. बोलताना ती रडते आणि तिचं नाक वाहायला लागतं. वरच्या ओठावरून पाणी तोंडापर्यंत येतं. ती पुसत नाही. कॅमेरा नजर चोरत नाही, आरसा मध्ये येत नाही, कुणी तिला रुमाल देत नाही. ती तशीच बोलत राहते.